आठवडाभराच्या ट्रेकचं खाणं नागपुरातून कसं जमवलं: पाकिटं, ग्रॅम, गॅस आणि भूक

यंदा मे संपता संपता आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा मोठा भाऊ आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, उत्तराखंडात हर की दून ही दरी आणि तिथून रुइनसारा ताल हे तळं असा आठवडाभराचा ट्रेक करून आलो. बूट कोणते घ्यायचे, सॅक किती लिटरची, जॅकेट भाड्यानं मिळतं का, याच्यावर मराठीत भरपूर लिहिलेलं सापडतं. पण आठवडाभर पाठीवरून न्यायचं आणि तंबूपाशी पटकन खाता येईल असं जेवण नागपुरात बसून कसं निवडायचं हे मात्र मला तुकड्यातुकड्यांत शोधावं लागलं, आणि त्यातलं निम्मं तर परदेशातल्या पाकिटांबद्दल होतं जी इथं मिळतच नाहीत. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते, पहिल्यांदा जाणाऱ्याचे दोन-तीन आठवडे तरी वाचतील.

आधी हे की स्वतःचं खाणं न्यायची गरज काय. हर की दूनच्या वाटेवर सीझनमध्ये ढाबे असतात, सीमा नावाच्या गावापर्यंत चहा, मॅगी, डाळ-भात मिळून जातो. रुइनसाराच्या बाजूला वळलं की मग भरवसा नाही. मोठ्या ग्रुपसोबत गेलं तर स्वयंपाकी, खेचरं सगळं येतं, पण आम्हाला आमच्या चालीनं जायचं होतं, आणि दादाला बीपीची गोळी सुरू आहे त्यामुळे मिठावर लक्ष ठेवणं भाग होतं. पायथ्याच्या सांकरी गावचा एक लोकल गाईड आणि तंबू उचलायला एक पोर्टर एवढं फोनवर ठरवलं. त्यांचं रेशन ते आणणार की आपण, हे पहिल्याच फोनला विचारून घ्या, कारण दोन माणसांचं खाणं वाढलं की सगळा हिशोबच बदलतो. आमच्याकडे ते स्वतःचं आणणार होते.

मार्चच्या शेवटी रेल्वेचं बुकिंग. नोव्हेंबर २०२४ पासून १२० च्या ऐवजी ६० दिवस आधीच बुकिंग उघडतं, त्यामुळे मेच्या शेवटच्या तारखा म्हणजे मार्चच्या शेवटी सकाळी आठला लॉगिन करून बसायचं. नागपूर ते दिल्ली आणि दिल्ली ते डेहराडून अशी दोन तिकिटं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, त्यामुळे जाताना कन्फर्म मिळालं आणि येतानाचं वेटिंग, ते एप्रिलभर रोज बघून राहिलो होतो, शेवटी आरएसी आलं. खाण्याच्या लेखात रेल्वे कशाला, तर त्याचं कारण गॅस आहे. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेता येत नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि छोटा कॅम्पिंगचा डबा असला तरी तो गॅसच. विमानातही तेच. म्हणजे नागपुरातून फक्त कोरडं खाणं आणि बर्नर न्यायचा, गॅस तिकडे गेल्यावरच. हे एकदा पक्कं झालं ना, की खाणं कसं निवडायचं ते बरंचसं त्यावरूनच ठरतं, पुढे लिहिते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाईडनं पाठवलेला फॉर्म, त्यात डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट लागत होतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दादाचा ईसीजी करायला लावला, दोन वेळा बीपी बघितलं, मगच सही दिली. सही देताना म्हणाले, "चालायला हरकत नाही, पण ती पाकिटं खाताना सोडियम बघा." तोपर्यंत मी सोडियमचा रकाना कधी वाचलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम ठेवा म्हणते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. इन्स्टंट नूडल्सच्या एका छोट्या पाकिटात मसाल्यासकट यातला बराच मोठा भाग निघतो. घरात कोणाला बीपी असेल तर आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा, कारण घाम गाळत चालताना मीठ लागतंही, त्यामुळे किती ते त्यांनीच सांगावं.

मग साडेचारशे रुपयांचा किचनचा वजनकाटा घेतला. सगळ्या खरेदीत याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

सुपरमार्केटमध्ये सगळ्यात आधी हाताला लागतात ती रेडी टू ईटची चपटी पाकिटं, राजमा, पनीर, दाल मखनी, पुलाव. खोक्यातून काढायचं, गरम पाण्यात बुडवायचं, खायचं. चव चांगली असते, वर्षभर टिकतात, प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही, कारण अन्न पाकिटात सील करून मग ते पाकीटच दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. आपल्याकडे हे तंत्र सैन्यासाठी म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीनं विकसित केलं (ही लॅब १९६१ ची), आणि तिथूनच ते एमटीआरसारख्या कंपन्यांकडे आलं. पण त्यात पाणी तसंच राहतं. मी मोजलेल्या एका राजम्याच्या पाकिटाचं वजन ३०० ग्रॅम आणि कॅलरी मिळून साडेतीनशेच्या आत. वाळवलेल्या खिचडीच्या ८० ग्रॅमच्या पाकिटात जवळपास तेवढ्याच कॅलरी. मधले दोनशेवीस ग्रॅम म्हणजे पाणी, जे तिकडे सुपिन नदीत वाहतच असतं. तीन माणसं, आठवडाभर, रोज दोन जेवणं असा गुणाकार करून बघितला आणि भाची म्हणाली, "आत्या, आपण नागपूरहून पाणी वाहून नेतोय." तिथंच ती पाकिटं जवळपास बाद झाली. अगदी बाद नाही हं, पहिल्या मुक्कामासाठी तीन घेतली, कारण पहिल्याच दिवशी जे खाऊन संपणार ते जड असलं तरी चालतं, आणि त्या दिवशी प्रवासानं शिणलेलं असताना ओळखीच्या चवीचं गरम जेवण मिळतं.

दुसरा प्रकार फ्रीझ ड्राईड. अन्न गोठवून निर्वात जागेत त्यातल्या बर्फाची सरळ वाफ करतात, त्यामुळे आकार तसाच राहतो आणि पाणी जवळपास सगळं निघून जातं. गरम पाणी ओतलं की सगळ्यात लवकर फुलतं आणि चवही ताज्याच्या जवळ जाते. ऑनलाईन मागवली, यायला आठ-नऊ दिवस लागले, एका पाकिटाला तीनशेच्या वर. दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे ही पाकिटं हलकी असतात पण फुगीर, सॅकमध्ये जागा खूप खातात, आणि दुसरं म्हणजे "दोन जणांसाठी" लिहिलेलं चालून आलेल्या एकालाच पुरतं. दिवसभर चालून आलेली वीस वर्षांची पोरगी समोर ठेवून मोजा.

तिसरा प्रकार साधा वाळवलेला, हवेनं किंवा मशीननं. स्वस्त, लहान, पण फुलायला वेळ घेतो, आणि कशाचं वाळवण आहे यावर सगळं अवलंबून असतं. अख्खा राजमा, वाटाणा, मक्याचे दाणे असलेली पाकिटं मी नंतर घेणंच बंद केलं. भात मऊ होतो आणि वाटाणा दाताखाली खडा लागावा तसा राहतो. पोहे, रवा, मुगाची डाळ, बारीक शेवया, हे सगळं उकळत्या पाण्यानं नीट होतं. एमटीआरचे तीन मिनिटवाले पोहे आणि उपमा याच्यात येतात, मिळायलाही सोपे, गल्लीतल्या किराणा दुकानातसुद्धा असतात.

पाकिटामागचा तक्ता कसा वाचायचा ते थोडं सविस्तर लिहिते, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे एनर्जी, प्रोटीन, कार्ब, साखर, फॅट, सोडियम हे दर १०० ग्रॅमला लिहावं लागतं. त्यामुळे दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करा, पुढच्या बाजूच्या मोठ्या आकड्यावरून नको. मग खाली नेट वजन बघून गुणाकार. शेजारी रोजच्या गरजेच्या टक्क्यांचा रकाना असतो तो २००० कॅलरीवर काढलेला असतो, तो घरात बसलेल्या माणसाला ठीक आहे, चढावर सात-आठ तास चालणाऱ्याला नाही. आम्ही माणशी २८०० कॅलरी धरल्या आणि कोरडं खाणं रोज ६५० ग्रॅम. म्हणजे सरासरी १०० ग्रॅमला ४३० कॅलरी यायला पाहिजेत. नुसत्या भाता-पोह्यांनी ते होत नाही, कारण पिष्ट आणि प्रथिनांत ग्रॅमला चार कॅलरी आणि स्निग्धात नऊ. म्हणून तूप आणि शेंगदाणे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, तुपात नऊशेच्या आसपास. रोज माणशी तीन-चार चमचे तूप खिचडीत पडलं तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या आसपास पाकिटं कमी न्यावी लागतात असा हिशोब बसला.

आता गॅस. एक लिटर पाणी उकळायला वारा-थंडी धरून १० ते १५ ग्रॅम गॅस जातो. तिघांचा सकाळचा चहा, नाश्ता, संध्याकाळचं सूप आणि जेवण मिळून रोज पावणेतीन लिटर पाणी. म्हणजे नुसतं पाणी उकळून ओतायचं असेल तर २३० ग्रॅमचा एक डबा पाच-सहा दिवस जातो. पण शिजवायचं असलेलं काही घेतलं, वीस मिनिटं उकळत ठेवायचं, तर तोच डबा निम्म्यातच संपणार. त्यात वरती पाणी कमी तापमानाला उकळतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, इथं पाणी ९९ अंशांना उकळतं, हर की दून साडेतीन हजार मीटरच्या आसपास, तिथं ८८ अंशांना. खळखळ उकळी दिसते पण डाळ शिजत नाही. त्यामुळे आमचा नियम असा झाला की "पाणी ओता आणि झाका" लिहिलेलं घ्यायचं, "पाच मिनिटे शिजवा" लिहिलेलं ठेवून द्यायचं, मग ते कितीही हलकं असो. त्याला लागणारा गॅसही शेवटी पाठीवरच असतो ना.

सीताबर्डीत पोर्टेबल शेगडीचे लांब नळकांडीसारखे डबे मिळतात, दुकानदार म्हणाला "ताई हेच नेतात सगळे". त्यात बहुतेक नुसता ब्युटेन असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचाच थांबतो, पहाटे तंबूबाहेर तो पेटायची खात्री नाही. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा स्क्रूवाला डबा लागतो, आणि आपला बर्नर त्याच चुडीचा (आट्यांचा) आहे ना ते नागपुरातच बघून घ्या.

मेमध्ये वाळवण. ऊन तर आपल्याकडे फुकटच आहे. आईनं सांगितलं की मुंगवड्या-कुरड्या वाळवतोच की दरवर्षी, मग खिचडी का नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ हळद-जिरं घालून अगदी मऊ शिजवली, तेल-तूप अजिबात नाही, कारण स्निग्ध पदार्थ वाळत नाही आणि खवट होतो, तूप तिथं गेल्यावर वरून घालायचं. ताटांत पातळ पसरवून गच्चीवर, वरून मलमलचं फडकं बांधलं कारण लू सुटली की धूळ उडते. संध्याकाळी घरात घ्यायचं, दुसऱ्या दिवशी उलटवून पुन्हा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बोटानं दाबलं की कट्कन मोडत होती. मधे कुठे जरा जरी लवचीक लागलं तर पिशवीत भरू नका, बुरशी येते. एकदा शिजलेला भात असल्यामुळे ती गरम पाण्यात नुसती झाकून ठेवली तरी मऊ होते, कच्च्या तांदळाचं तसं होत नाही. मीठ आपल्या हातात राहिलं हा दादाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा. मुंगवड्या मात्र तशाच न्यायच्या तर शिजायला वेळ लागतो, त्या खलबत्त्यात भरड करून घेतल्या आणि मुक्कामाच्या तासभर आधी मोठ्या तोंडाच्या बाटलीत पाण्यात भिजत घालायच्या, चालता चालता भिजतात, मग एका उकळीत होतात.

इतवारीत किराणा ओळीत जाऊन शेंगदाणे, फुटाणे, खारीक, सुकं खोबरं, गूळ, सातूचं पीठ, राजगिऱ्याची चिक्की घेतली. चॉकलेट घेऊ नका, मेमध्ये नागपूर ते दिल्लीच्या प्रवासातच त्याचा लगदा होतो. तुपाचंही बघा, इथं ते पाण्यासारखं पातळ असतं आणि पिशवीत गळतं, वर गेल्यावर दगडासारखं घट्ट, बाटलीतून निघत नाही. रुंद तोंडाची चुडीच्या झाकणाची छोटी बरणी, ती दोन पिशव्यांत.

आणि आता ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते ते. उंचीवर गेल्यावर भूक मरते, जेवण समोर आलं की नकोसं होतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण घरी रविवारी निवांत बसून पाकीट चाखलं तर ते कसं कळणार. मला सुचलं की अशी भूक मरायची जागा आपल्याकडे आहेच, नागपूरचा मे महिना. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत दुपारी एक वाजता कोणाला जेवावंसं वाटतं. मग आम्ही सकाळी सहाला सेमिनरी हिल्सवर सॅक भरून चढ-उतार करायचो, एकदा रामटेकच्या गडावरही तसंच, आणि घरी येऊन नुसतं पाणी पिऊन दुपारी एकपर्यंत थांबून मग एक-एक पाकीट खाऊन बघायचो, पंखा चार वर ठेवून. (दादानं हे डॉक्टरांना विचारून केलं, आणि पाणी-ताक भरपूर घेत होतो, उन्हात चालायचं नाही.) त्या वेळी जे जातं ते वर पण जातं, हे नंतर खरं निघालं. पनीर बटर मसाल्याचं महागडं पाकीट चार घासांनंतर कोणालाच नको झालं. क्रीमवाला पास्ता तसाच. उलट पातळ खिचडी, टोमॅटो सूप, लिंबू पिळलेले पोहे, गूळ घातलेलं सातूचं पीठ, हे आम्ही तिघांनी शेवटपर्यंत खाल्लं. जवसाची चटणी आणि आईचं लिंबाचं लोणचं यादीत नव्हतं, ते या प्रयोगानंतर आलं. प्रत्येक पाकिटासाठी वहीत चार रकाने केले होते, वजन, कॅलरी, किती मिनिटांत फुललं, आणि ताटात किती उरलं. शेवटच्या रकान्यानं सगळ्यात जास्त पाकिटं बाद केली.

शेवटी माणशी साडेचार किलोच्या आसपास खाणं झालं. पॅकिंग दिवसाप्रमाणे, एका दिवसाचं सगळं एका झिपच्या पिशवीत, वर मार्करनं दिवस आणि किती पाणी घालायचं ते. पुठ्ठ्याची खोकी सगळी घरीच काढून टाका, पण बनवायची कृती कापून आत ठेवा. वरती हवेचा दाब कमी, साडेतीन हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्के, त्यामुळे बंद पाकिटं टम्म फुगतात, एखादं फुटतंसुद्धा. कोरड्या पाकिटांना वरच्या कोपऱ्यात टाचणीनं भोक पाडून हवा काढली आणि सेलोटेप लावला, जागा पण वाचली. ओल्या रेडी टू ईट पाकिटांना हे चुकूनही करू नका, ती लगेच खराब होतील. झाकून ठेवायला गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी सनशेड कापून टेपनं पिशवी शिवली, वजन काहीच नाही, आणि त्यात भांडं पंधरा-वीस मिनिटं गरम राहतं.

निघताना रेल्वेतल्या जेवणासाठी वहिनीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. डेहराडूनला उतरून तिथल्या ट्रेकिंगच्या दुकानातून गॅसचे दोन डबे घेतले, साडेचारशेला एक, आदल्या दिवशी फोन करून ठेवायला सांगितले होते, सीझनमध्ये संपतात. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरी, जवळपास दोनशे किलोमीटर पण घाटाचा रस्ता, अख्खा दिवस जातो. रोख पैसे पुरोल्यालाच काढून ठेवा. वाटेत नैटवाडला, जिथं रुपिन आणि सुपिन मिळून टोन्स नदी होते, तिथं गोविंद वन्यजीव अभयारण्याचं चेकपोस्ट लागतं. आधार कार्डाच्या झेरॉक्स, किती दिवस, किती तंबू, गाईड कोण, सगळं रजिस्टरमध्ये लिहून पावती. गर्दी होती, तासभर गेला. झेरॉक्सच्या तीन-चार कॉपी जवळ ठेवा आणि पावती वरच्या कप्प्यात, पुढेही बघायला मागतात.

पहिल्या मुक्कामाला राजमा-भात, गाईडलाही थोडा दिला. तो आमच्या पिशव्यांवरचे आकडे वाचून खूश झाला, म्हणाला, "दीदी, आधे लोग तो आलू-प्याज उठा के लाते हैं." चालायला लागल्यावर दुपारी चूल पेटवायची नाही असं ठरवलं होतं, फक्त शेंगदाणे, चिक्की, खारीक, आणि बाटलीत हलवलेलं सातू, दर तासाला थोडं थोडं. त्यानं संध्याकाळपर्यंत पाय टिकतात.

हर की दूनला पोचलो त्या संध्याकाळी दादाचं डोकं जड होतं आणि भाचीला काहीच नको होतं. आधी सूप दिलं. अर्ध्या तासानं खिचडी, वर तूप आणि लोणच्याची फोड. भाचीनं अर्धी वाटी खाल्ली, मग आणखी मागितली. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही, कारण पोरीची जबाबदारी माझ्यावर होती आणि ती जेवत नाही म्हटल्यावर माझा जीव वर-खाली होत होता. दादाचं डोकं झोपून उठल्यावर उतरलं. नसतं उतरलं तर दुसऱ्या दिवशी खाली जायचं हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, तुम्हीही ठरवून ठेवा, तिथं बसून चर्चा करायला लागलं की निर्णय होत नाही.

वेळेचं सांगते. नागपुरात जी खिचडी आठ मिनिटांत फुलत होती तिला वर सतरा-अठरा लागली. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर वीस धरा आणि पाणी लिहिल्यापेक्षा थोडं जास्त घाला, पातळ झालेलं चालतं, कोरडं घशाखाली उतरत नाही. पाकिटातच पाणी ओतायचं असेल तर आधी आतली ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी काढा, आणि चमचा लांब दांड्याचा न्या, नाहीतर हात कोपरापर्यंत मसाल्यानं माखतो. पिण्याचं पाणी उकळण्यात गॅस घालवू नका, क्लोरीनच्या गोळ्या न्या. सकाळी डबा थंडगार असतो, दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरला की ज्योत नीट येते. पहिला डबा रुइनसाराच्या मुक्कामात संपला, दुसरा अर्धा उरला, तो सांकरीत गाईडकडे दिला कारण परतीच्या गाडीत नेता येणारच नव्हता.

रिकामी पाकिटं सगळी परत आणायची. ती प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरांची असतात, जाळली तर नीट जळत नाहीत आणि घाण धूर होतो. चमच्यानं पुसून, घडी करून एका पिशवीत. आठवडाभराची तिघांची मिळून पाऊण किलोसुद्धा भरली नाहीत. ओसला गावाच्या वर वाटेच्या कडेला दुसऱ्यांची पडलेली पाकिटं दिसत होती, येताना भाचीनं त्यातली मूठभर उचलून आपल्याच पिशवीत टाकली.

खर्च विचारतील म्हणून सांगते, बाजारातली पाकिटं ४२०० च्या आसपास, इतवारीचा किराणा १९००, वजनकाटा ४५०, गॅस ९००, म्हणजे तिघांचं मिळून साडेसात हजाराच्या आत. सगळंच फ्रीझ ड्राईड घेतलं असतं तर नुसत्या जेवणांचे दुपटीच्या वर गेले असते. दादानं रोज सकाळी छोट्या मशीनवर बीपी मोजून वहीत लिहिलं होतं, परत आल्यावर डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ठीक आहे, गोळी तीच चालू ठेवा.

उरलं काय, तर पोह्यांची चार पाकिटं, थोडी खिचडी आणि फुटाणे. ज्या पाकिटांना टाचणीचं भोक पाडलंय ती घरी आल्यावर पुढच्या ट्रेकसाठी म्हणून ठेवून देऊ नका. मृग लागला की आपल्याकडची हवा दोन दिवसांत दमट होते आणि कोरडं खाणं तो ओलावा ओढून घेतं. आम्ही दिल्लीहून येताना गाडीत चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन दोन पाकिटं संपवली, बाकीची आईनं आल्या आठवड्यातच नाश्त्याला केली.